घराजवळची खुर्ची

वजनकाट्यावर चढण्याआधी बांधवाला चपला काढायचा, खिशातली किल्ली आणि मोबाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा आणि श्वास रोखून उभा राहायचा. श्वास रोखल्याने वजन कमी भरत नाही, हे त्याला दोन वर्षांत कितीदा तरी सांगून झालं होतं. तरी तो रोखायचाच.

“दोन किलो सातशे जास्त,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मामा, अख्खी टाकी रिकामी करून आलात की काय?”

“नाही सिस्टर. बाटलीवर खूण आहे, तेवढंच पितो.”

“खूण कुणी केली? तुम्हीच ना? मग झालं तर.”

तो हसला आणि खुर्चीत जाऊन बसला. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, पूर्वी जिथे कपडे धुण्याची खोली होती तिथे डायलिसिसचा विभाग होता. नऊ खुर्च्या, नऊ यंत्रं, भिंतीवर घड्याळ. बांधवाल्याचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाळी दुपारची. डाव्या हातात दोन सुया जायच्या, चार तास रक्त यंत्रातून फिरून परत यायचं, आणि मूत्रपिंडांनी सोडून दिलेलं काम यंत्र जमेल तसं करायचं. उठताना पाय भरून यायचे. रस्ता ओलांडण्याआधी तो फाटकापाशी भिंतीला टेकून दहा मिनिटं थांबायचा. फाटकावरचा पहारेकरी त्याला त्यासाठी एक मोडकी खुर्ची देऊ करायचा. बांधवाला नको म्हणायचा. चार तास बसूनच आलो, म्हणायचा.

बांधवाला हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. डोंगरउतारावर दगड रचून बांध घालायचा आणि त्याच्या आधाराने शेताचा एक अरुंद तुकडा सपाट करायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दगड हातात घेतला की तो आधी फिरवून बघायचा, त्याचं तोंड कुठे, पाठ कुठे. तोंड बाहेर, पाठ मातीत. त्याने घातलेला बांध पावसात फुगायचा नाही. डोंगरातल्या पंधरावीस पाड्यांत त्याला याच नावाने ओळखत, आणि इस्पितळाच्या कागदावरचं नाव पुकारलं की तो पहिल्या हाकेला उठायचा नाही.

ते डोंगर शहरापासून पाच तासांवर. आधी बस, मग जीप, मग पायवाट. तिथले लोक त्या डोंगरांत सगळ्यांच्या आधीपासून राहणारे, आदिवासी. कागदावर त्यांच्यासाठी वेगळा रकाना होता आणि तो भरायला कारकून कधी विसरत नसे. आठवड्यातून तीनदा पाच तास यायचं आणि पाच तास जायचं हे धडधाकट माणसालाही झेपणारं नव्हतं. यंत्र फुकट होतं; बस, जीप, दोन वेळचं जेवण आणि डोक्यावरचं छप्पर फुकट नव्हतं. म्हणून तो एकटा खाली येऊन राहिला. बायको, धाकटी मुलगी, शेताचे सहा तुकडे आणि एक म्हैस वर राहिली.

आजार कसा जडला हे त्याला स्वतःला नीट सांगता यायचं. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने ते कामाचा हिशेब द्यावा तसं सांगितलं होतं. दहा वर्षांपूर्वी पाड्याखालच्या आरोग्यकेंद्रात एक नर्सबाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि म्हणाल्या, रक्तदाब फार आहे. महिनाभराच्या गोळ्या दिल्या. त्याने त्या एक न चुकवता खाल्ल्या. महिन्याने गेला तर केंद्राला कुलूप. नर्सबाईंची बदली झालेली. दुसऱ्या यायला दीड वर्ष लागलं, आणि त्या आल्या तेव्हा त्याला काहीच होत नव्हतं, म्हणून तो गेला नाही. गोळ्या संपल्या हे त्याला समजलं होतं. रक्तदाब संपला नाही हे समजायला काही मार्ग नव्हता. पाठ तर त्याच्याही आधीपासून दुखायची. दगड उचलणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच. पाड्यावरच्या दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी वेदनेच्या गोळ्या असायच्या. त्या तो रोज दोन घ्यायचा, बांधाचं काम जोरात असलं तर चार.

“किती वर्षं?” डॉक्टरबाईंनी विचारलं होतं.

“मुलगी चालायला लागली तेव्हापासून.”

“मुलगी आता केवढी?”

“शाळा संपत आली.”

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

शहरात त्याची खोली टायर पंक्चरच्या दुकानामागे होती. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीत ठोकलेले तीन खिळे आणि वीतभर उंचीची खिडकी. खिडकीतून दिसायचे ते जुने टायर, एकावर एक रचलेले. पहिल्याच आठवड्यात त्याने पंक्चरवाल्याला सांगितलं होतं की ही रास पडणार, मोठे टायर वर घेतलेत. दुसऱ्या दिवशी ती पडली. तेव्हापासून पंक्चरवाला त्याला मान देत असे. मान देत असे म्हणजे त्याची थट्टा करत असे. त्या माणसाकडे मान देण्याची तेवढीच एक रीत होती.

“पाहुणे,” तो म्हणायचा. दोन वर्षं झाली तरी पाहुणेच. “असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं बघा. पाण्याचं बिलच येत नाही!”

“चहा अर्धा दे. पूर्ण दिलास तर सिस्टर तुला बोलतील.”

“मला? मी काय केलं? पितात हे, आणि शिव्या मला!”

दिवसाला सगळं मिळून अर्धा लिटर. चहा, औषधासोबतचं पाणी, जेवणातला रस्सा, सगळं त्यात धरायचं. ज्या माणसाने आयुष्यभर झऱ्याला तोंड लावून पाणी प्यायलं, त्याने प्लास्टिकच्या बाटलीवर पेनाने आडव्या रेघा मारल्या होत्या. मीठ जवळजवळ नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून रुग्णांना जेवण मिळायचं, पण ते सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात शिजायचं आणि त्यात मीठ असायचं. ते तो घेत नसे. स्टोव्हवर अळणी भात शिजवायचा आणि खाटेवर बसून, ताटलीकडे न बघता संपवायचा.

यंत्राचे दिवस बरे जायचे. सिस्टर ओरडायच्या, शेजारच्या खुर्चीतला निवृत्त पोस्टमन वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक बातमीवर मत द्यायचा. वाईट दिवस मंगळवार, गुरुवार आणि सगळ्यात वाईट रविवार. काम नाही. डाव्या हाताने काही उचलायचं नाही, त्या हातावर झोपायचं नाही, त्यात घड्याळ घालायचं नाही. शस्त्रक्रिया करून जोडलेली त्या हातातली शीर फुगून दोरखंडाएवढी झाली होती आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी घुरघुरत असायचं. रिकाम्या दुपारी तो बोट ठेवून बसायचा. घुरघुर चालू असली म्हणजे हात चालू आहे, असं सिस्टरांनी सांगितलं होतं.

एकदा पंक्चरवाल्याने दुकानामागे पाडकामाचे दगड आणून टाकले आणि सहज म्हणाला, यांची एखादी बुटकी भिंत झाली तर टायर पलीकडे जाणार नाहीत. बांधवाल्याने तीन दिवसांत भिंत उभी केली, बसून, उजव्या हाताने, एकेक दगड मांडीवर घेऊन फिरवत. चौथ्या दिवशी डावा हात सुजला. त्याने मध्येच कधीतरी तो लावला होता. कधी, हे त्यालाही आठवत नव्हतं.

“मामा, ही शीर गेली तर दुसरी कुठून आणू?” सिस्टर खरंच चिडल्या होत्या. “बाजारात मिळते का?”

“भिंत चांगली झाली सिस्टर.”

“कपाळ माझं.”

रविवारी सकाळी दहाला बायकोचा फोन यायचा. पाड्यावर फोन लागत नसे. ती वरच्या वळणापर्यंत चढून जायची. तिथे एका खडकावर उभं राहिलं की आवाज पोचायचा. खडकावर बहुतेक वेळा आणखीही कुणी असायचं, त्यामुळे बोलणं थोडक्यात आणि चारचौघांत.

“जेवलास?”

“जेवलो. तू?”

“खालच्या तुकड्याचा बांध ढासळला. मी आणि पोरीने रचला.”

“तोंड बाहेर ठेवलंत ना?”

“कुणाचं, पोरीचं?” मागे कुणीतरी हसलं. “ठेवलं. तुझ्या हातचा नाही, पण उभा आहे. तू कधी येतोस?”

“बघू.”

हे “कधी येतोस” दर रविवारी असायचं आणि “बघू” सुद्धा. दोन वर्षांत तो तीनदा वर गेला होता, शनिवारी जाऊन रविवारी परत. एवढ्या थोड्या वेळात म्हैस ओळखायची, पण मुलगी लाजायची.

आता त्याच्या लोकांच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर येऊन ठेपलं. झऱ्यावर, गिरणीत, जीपमध्ये चढताना, कुठेही, आपला नंबर आलेला असताना मागून आपल्याहून मोठं माणूस आलं तर आपण बाजूला व्हायचं. कुणी सांगत नाही, कुणी आभार मानत नाही. म्हातारं माणूस पुढे होतं, एवढंच. आणि असं केल्याचं नंतर तोंडातून काढायचं नाही. बोलून दाखवलं की दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. शहरातल्या रांगांत हे चालत नव्हतं, हे बांधवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं. केसपेपरच्या खिडकीपाशी त्याने अकरा जणांना पुढे जाऊ दिलं आणि खिडकी बंद झाली. त्यानंतर तो शहाणा झाला. शहरातल्या लोकांपुढे तो नंबर सोडत नसे.

पण डोंगरातले लोक यायचे. ते कधीही आधी तपासायला, नोंदवायला म्हणून यायचे नाहीत. श्वास लागला, अंग सुजलं, की जीपमध्ये घालून आणलेले असायचे. आणि नऊच्या नऊ खुर्च्या भरलेल्या. सिस्टर म्हणायच्या, मोठ्या शहरात न्या. आणखी चार तास. बरोबरचे लोक तसेच उभे राहायचे. तेव्हा बांधवाला खुर्चीतून उठायचा.

“त्यांना बसवा. मी पुढच्या वाराला येतो.”

पहिल्या वेळी सिस्टरांनी त्याला खांदा धरून खाली बसवायचा प्रयत्न केला होता. पण समोरच्या म्हाताऱ्या बाईचे ओठ निळे पडले होते आणि वाद घालायला वेळ नव्हता. नऊ महिन्यांत असं चारदा झालं. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. “रुग्ण उपचार न घेता गेला,” असं लिहिलं गेलं, चारदा. चौथ्या वेळी तो रविवारी खाटेवरून उठू शकला नाही, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा श्वास घेत होता, आणि पंक्चरवाल्याने त्याला टेम्पोत टाकून इस्पितळात नेलं. वाटभर तो त्याला शिव्या देत होता. इतक्या मनापासून दिलेल्या शिव्या बांधवाल्याला घर सोडल्यापासून मिळाल्या नव्हत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की डोंगराच्या पायथ्याशी, जीपच्या थांब्याजवळ, दोन यंत्रांचं छोटं केंद्र उघडणार आहे. आठ रुग्ण घेणार. तिथून त्याचा पाडा जीपने पाऊण तास आणि मग चढण. म्हणजे सकाळी घरून निघून संध्याकाळच्या आत घरी.

बांधवाल्याने हे बायकोला सांगितलं नाही. दोन रविवार सांगितलं नाही. पोस्टमनने मात्र पूर्ण विभागाला सांगितलं.

“आता हे जाणार. आपल्याला कोण विचारणार! तिथे हवा काय, पाणी काय...”

“पाणी तिथेही अर्धा लिटरच,” सिस्टर म्हणाल्या.

मग एका बुधवारी डॉक्टरबाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. मोठ्या सिस्टर आधीच तिथे भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. टेबलावर यादी होती. डॉक्टरबाईंनी लपवाछपवी केली नाही. त्यांना ते जमतच नसे.

“तुमचं नाव पहिलं असायला हवं होतं. ते नाही.”

बांधवाला उभाच होता.

“तिकडे डॉक्टर नाही. एक तंत्रज्ञ आणि एक नर्स. काही झालं तर मला इथून पोचायला तीन तास. म्हणून नियम असा की नियमित येणारेच रुग्ण तिकडे पाठवायचे. तुमच्या नावावर चार वेळा ‘उपचार न घेता गेला’.”

“सांगा की मामा,” सिस्टर म्हणाल्या. “का गेलात ते सांगा त्यांना.”

तो टेबलावरच्या यादीकडे बघत राहिला.

“अहो, आता तरी बोला!”

“मला माहीत आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्या चौघांचे कागद याच टेबलावरून गेलेत. तुम्ही काही वाईट केलंत असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की इथे तुमच्या माणसांपैकी महिन्यातून एखादा येतो. तिथे येणारा प्रत्येक जण तुमचा. प्रत्येक म्हातारा तुमचा काका, प्रत्येक म्हातारी तुमची आत्या. तिथे तुम्ही काय कराल?”

बांधवाल्याने यावर विचार केला नव्हता. त्याने घराचा विचार केला होता, म्हशीचा, खालच्या तुकड्याच्या बांधाचा, मुलीचा. आता केला, आणि त्याच्या लक्षात आलं की बाई बरोबर बोलत आहेत. दगड उलटा धरलाय हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाने दाखवून द्यावं तसं.

“दर आठवड्याला उठाल,” त्या म्हणाल्या. “दोन महिन्यांत तुम्ही नसाल. मग तुमची बायको त्या खडकावर चढून कुणाला फोन करेल?”

खडकाबद्दल त्यांना सिस्टरांनी सांगितलं असणार.

“काय करू?” त्याने विचारलं.

“तुम्ही मला शब्द द्या. तुमच्या खुर्चीत तुम्हीच बसायचं. कुणीही येवो. मग मी नियमाच्या वर सही करून तुमचं नाव घालते.” त्या थांबल्या. “मला शब्द पुरतो. कागद नको.”

कागद असता तर सोपं झालं असतं. कागदावर तो वर्षानुवर्षं अंगठा उठवत आला होता, त्यात काय लिहिलंय हे न विचारता. शब्दाचं तसं नव्हतं. बाहेर कुणाचं तरी यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागलं, तरी सिस्टर हलल्या नाहीत.

“दिला,” तो म्हणाला.

जायच्या दिवशी पंक्चरवाल्याने त्याची खाट विकत घेतली. खाट मुळात पंक्चरवाल्याचीच होती, हे दोघांनाही माहीत होतं, पण तो विषय कुणी काढला नाही.

वरचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. नवा रंग, दोन खुर्च्या, दारात बाकडं. तंत्रज्ञ पोरगेला, फोनवर हळू आवाजात गाणी लावणारा. दुसऱ्या खुर्चीत पलीकडच्या खोऱ्यातली एक विडीकामगार बाई असायची, सकाळच्या पहिल्या पाळीची, त्याच्यासारखीच. पहिले तीन आठवडे चांगले गेले. संध्याकाळी तो घरी असायचा. बायको त्याच्या बाटलीवरच्या रेघा आपल्या बोटाने मोजायची आणि चोरी पकडायची. मुलगी हळूहळू बोलायला लागली. तो बांधावर बसायचा आणि तिला कुठला दगड कुठे ते सांगायचा, उचलायची ती. पाड्यावरचे लोक येऊन शेजारी बसायचे. खाली कसं होतं, विचारायचे. तो सांगायचा, सिस्टर चांगल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, बाईच्या सुया लागल्या होत्या, तिचं यंत्र फिरत होतं. तंत्रज्ञ बांधवाल्याच्या हातावर कापूस फिरवत होता. तेवढ्यात दारात जीप येऊन थांबली आणि चार जणांनी एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उतरवलं. घरातली लाकडी खुर्ची होती, तिला दोन बांबू बांधले होते. म्हातारा बायकोचा सख्खा चुलता होता. बापामागे त्यानेच तिला वाढवलं होतं आणि लग्नात तिचा हात बांधवाल्याच्या हातात दिला होता. पायापासून मांड्यांपर्यंत फुगलेला. श्वास वरच्या वर.

नर्सने नाडी बघितली, पाय दाबून बघितले; बोटाचा खळगा तसाच राहिला. “कधीपासून?”

“पाय महिनाभर सुजतायत,” चौघांतला एक म्हणाला. “उतरेल म्हणाले.”

“आणि इतके दिवस दाखवलं नाहीत?”

महिनाभर आरोग्यकेंद्राची नर्स एकटी दोन खोऱ्यांत फिरत होती आणि चुलता तिसऱ्या खोऱ्यात राहत होता.

“इथे दोनच यंत्रं,” नर्स म्हणाली. “मी खाली फोन करते. ते तयार ठेवतील. तीन तासांत पोचाल. प्राणवायूची नळी लावून देते, लगेच निघा.”

चौघं हलले नाहीत. ते नर्सकडे बघत नव्हते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि ज्याने ते करायचं तो समोर बसला होता. वाट बघणंसुद्धा त्यांना उद्धटपणाचं वाटत असावं, कारण त्यांनी माना खाली घातल्या होत्या. म्हणजे तो उठेपर्यंत बघायचं नाही, एवढा आदर.

बांधवाल्याचं अंग आपोआप पुढे झालं. पाय जमिनीला टेकले. तीस वर्षांच्या कष्टाला आणि त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या वाढीला फक्त हेच माहीत होतं. तंत्रज्ञाच्या हातात सुई होती आणि तो सुई आणि माणूस यांच्यामध्ये अडकून उभा होता.

“काय करायचं, मामा?” त्याने हळूच विचारलं.

चुलत्याने डोळे उघडले. त्याने खोलीत एकदा बघितलं, खुर्ची बघितली, खुर्चीतला जावई बघितला. बोलायला त्याला दोनदा दम खावा लागला.

“बस, बाळा,” तो म्हणाला. “बस तू.”

असं म्हणायचीही रीत होती. मोठ्या माणसाने बस म्हणायचं आणि धाकट्याने तरी उठायचं. दोघांनाही ती पाठ होती.

बांधवाल्याने पाय वर घेतले, पाठ खुर्चीला टेकवली आणि डावा हात तंत्रज्ञापुढे केला. तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर नव्या रंगाचा एक ओघळ वाळून राहिला होता, तो कुठून सुरू झाला ते तो शोधत राहिला. पहिली सुई गेली. दुसरी गेली. मागे बांबू उचलल्याचा आवाज झाला, जीपचं दार लागलं. विडीकामगार बाईने डोळे मिटून घेतले होते, झोपल्यासारखे.

चार तास यंत्र फिरत राहिलं. तंत्रज्ञाने गाणी बंद केली होती. उतरल्यावर वजन बरोबर भरलं.

दुपारी केंद्राच्या फोनवर खालून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. पोचले, लावलंय यंत्राला, नाडी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, आता त्यांना इथेच राहावं लागेल मामा, वरच्या आठ जागा भरल्यात. त्यांना राहायला खोली बघायला हवी.

जीपमध्ये परतताना आठ माणसं होती. पाचांना त्याने जन्मापासून पाहिलं होतं. त्यांनी त्याला खिडकीजवळची जागा दिली, जशी आजारी माणसाला देतात. पिकाबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, आणि त्याच्याशीही बोलले. कुणी वाईट वागलं नाही. फक्त एरवी चढणीवर कुणीतरी त्याच्याबरोबर चालायचं, त्याच्या वेगाने, मध्येमध्ये थांबत. त्या दिवशी सगळ्यांना घाई होती.

घरी आला तेव्हा बायको अंगणात धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही. बातमी त्याच्या आधी चढण चढून आली होती.

“काका खाली पोचले,” तो म्हणाला. “सिस्टरांचा फोन होता.”

“पोरीने सांगितलं.”

“मी उठलो नाही.”

“तेही सांगितलं.”

तो ओट्यावर बसला. सुपातून कोंडा उडत होता आणि तिच्या केसांवर बसत होता.

“बस म्हणाले मला,” तो म्हणाला.

“म्हणणारच. ते दुसरं काय म्हणतील?” तिने सूप दोनदा झटकलं. हात थांबले नाहीत, पण ती बराच वेळ तेच धान्य पाखडत राहिली, ते स्वच्छ होऊन गेलं तरी. मग तिने सूप भिंतीला टेकवलं, आत गेली आणि बाटली घेऊन आली. पाणी रेघेपर्यंत होतं. त्याच्याजवळ ठेवली, पण आज मोजली नाही.

“उद्या मी खाली जाते,” ती म्हणाली. “काकांना तिथलं काही कळणार नाही. खोली बघून देते.” पदराने तिने केसांतला कोंडा झटकला. “बुधवारी तुला किती वाजता निघायचंय?”

“सहाला.”

“पोरीला सांगून ठेवते. ती उठवेल.”